महिला आशिया चषकाची पात्रता फेरी कशी पाहावी: नव्या प्रेक्षकांसाठी

5 जुलै 2025 ला चियांग माईमध्ये भारताच्या महिला फुटबॉल संघाने थायलंडला त्यांच्याच मैदानावर 2–1 असं हरवलं. त्या रात्री ज्यांनी आयुष्यात कधी महिला फुटबॉलचा सामना पाहिला नव्हता, त्यांनीही क्लिप फॉरवर्ड केल्या. मग प्रश्न सुरू झाले. हा अंतिम सामना होता का? कप का नाही दिला? मंगोलियाला 13–0 हरवलं तेव्हाच काम झालं नव्हतं का?

प्रश्न रास्त आहेत, कारण पात्रता फेरी इतर स्पर्धांसारखी चालत नाही. तिच्यात उपांत्य फेरी नसते, करंडक नसतो, आणि निम्मे सामने इतके एकतर्फी होतात की नवा माणूस अर्ध्यात टीव्ही बंद करतो. तरी ती पाहण्यात मजा आहे. फक्त नजर गोलांपेक्षा गुणतालिकेवर जास्त हवी. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत, आणि उदाहरण म्हणून 2025 चा भारताचा गट घेतला आहे, कारण या फेरीचे बरेचसे नियम त्या एका गटात कामाला आले.

पायरी 1: जागा किती, दावेदार किती

कोणतीही पात्रता फेरी सुरू होण्याआधी एकच आकडा शोधा: गटातून किती संघ पुढे जाणार? बाकी सगळं या आकड्यावर ठरतं.

2026 च्या आशिया चषकासाठी मुख्य स्पर्धेत 12 जागा होत्या. यजमान म्हणून ऑस्ट्रेलिया थेट आत. 2022 च्या स्पर्धेतले पहिले तीन संघ, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया आणि जपान, तेही थेट. उरल्या आठ जागा, आणि त्यांच्यासाठी 34 संघ आठ गटांत विभागले गेले. म्हणजे गटातून एकच संघ पुढे. ‘सर्वोत्तम दुसरा’ वगैरे पळवाट नाही. दुसरा आलेला संघ आणि शेवटचा आलेला संघ एकाच दिवशी घरी परततात. फिलिपिन्सने 2022 मध्ये उपांत्य फेरी गाठली होती, पण पहिल्या तिघांत नाव नाही म्हणून त्यांनाही या फेरीतून यावं लागलं. ते आले, हा भाग वेगळा.

आता या जागेची खरी किंमत. आशिया चषक हीच विश्वचषकाची आशियाई वाट आहे. 2027 चा विश्वचषक ब्राझीलमध्ये, 32 संघांचा. आशियाला सहा थेट जागा. आशिया चषकाच्या उपांत्य फेरीतले चारही संघ थेट ब्राझीलला, आणि उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांमध्ये उरलेल्या दोन जागांसाठी सामने. त्यातही हरलेल्या दोघांना आंतरखंडीय प्लेऑफची, म्हणजे इतर खंडांतल्या संघांशी खेळून जागा मिळवण्याची, शेवटची संधी. म्हणून चियांग माईतला तो सामना वरवर एका गटाचा शेवटचा सामना असला, तरी हरणाऱ्या संघासाठी विश्वचषकाचं दार त्याच रात्री बंद होणार होतं.

भारतापुरतं सांगायचं तर 1980 आणि 1983 मध्ये आपण आशियात उपविजेते होतो. 2003 ची स्पर्धा खेळल्यानंतर मात्र मोठी पोकळी. 2022 मध्ये यजमान म्हणून जागा आपोआप मिळाली. सामने नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात होते. डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी 0–0 अशी बरोबरी झाली आणि त्यानंतर संघात कोरोनाचे इतके रुग्ण निघाले की भारताला स्पर्धेबाहेर व्हावं लागलं. तो एक सामनाही हिशेबातून पुसला गेला. पात्रता फेरी खेळून, जिंकून मुख्य स्पर्धेत जाणं 2025 मध्ये पहिल्यांदा घडलं.

एक सावधगिरी: हे गणित आशियाचं आहे. युरोपात विश्वचषकाच्या पात्रतेसाठी संघ अ, ब, क अशा श्रेणींत विभागलेले असतात आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा घरी, एकदा बाहेर खेळतात. एका खंडाचा नियम दुसऱ्याला लावू नका. सोशल मीडियावरचे निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

पायरी 2: ड्रॉ निघाला की दोन गोष्टी बघा

या फेरीचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणत्या गटात ते ठरवणारी सोडत, 27 मार्च 2025 ला क्वालालंपूरमध्ये निघाला. फिफाच्या क्रमवारीनुसार संघ वेगवेगळ्या पॉट्समध्ये ठेवतात आणि प्रत्येक पॉटमधून एकेक संघ गटात जातो. त्यामुळे प्रत्येक गटात एक तगडा, एक त्याच्या मागे लागलेला आणि दोन-तीन शिकाऊ संघ असं चित्र तयार होतं.

भारताचा गट ब: थायलंड, भारत, मंगोलिया, तिमोर-लेस्ते, इराक. यात पहिली गोष्ट बघायची ती वरच्या दोघांमधलं अंतर. या फेरीच्या वेळी थायलंड जागतिक क्रमवारीत 46 वा होता, भारत 70 वा. थायलंड 2015 आणि 2019 असे दोन विश्वचषक खेळलेला संघ. दुसरी गोष्ट यजमान कोण. आशियात या फेरीचे गटातले सगळे सामने एकाच देशात होतात, आणि इथे यजमानही थायलंडच. वरचढ संघ, वर घरचं मैदान. ड्रॉच्या दिवशी भारतीय चाहत्यांचे चेहरे का पडले, ते यावरून कळेल.

खालच्या संघांची क्रमवारी पाठ करत बसू नका. तिथले आकडे फारसे बोलके नसतात, कारण या संघांच्या वाट्याला आंतरराष्ट्रीय सामनेच कमी येतात.

पायरी 3: वेळापत्रक उलटं वाचा

शेवटच्या तारखेपासून सुरुवात करा. शेवटच्या दिवशी कोण कोणाशी खेळणार? बहुतेक गटांत वरचे दोन संघ शेवटी समोरासमोर येतात. भारत–थायलंड तसाच होता. मग मागे या: तोवर प्रत्येकाचे किती सामने झालेले असतील, विश्रांती कुणाला कधी मिळेल?

चार संघांच्या गटात तीन सामने, पाच संघांच्या गटात चार. पाच संघ असले की प्रत्येक फेरीत एक संघ बसून राहतो. भारताचे सामने 23 जून, 29 जून, 2 जुलै आणि 5 जुलैला होते. 26 जूनला सुट्टी. म्हणजे पहिल्या सामन्यानंतर चांगली उसंत, पण नंतर सात दिवसांत तीन सामने, तेही दमट हवेत. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री प्रत्येक सामन्यात तेच अकरा का उतरवत नव्हते, याचं उत्तर वेळापत्रकात आहे.

घड्याळाचं गणितही आत्ताच करून ठेवा. थायलंड आपल्यापुढे दीड तास, पर्थ अडीच तास, जॉर्डन आपल्यामागे अडीच तास. प्रक्षेपण कुठे आहे ते मात्र आदल्या दिवशीच तपासा. पात्रता फेरीचे हक्क मोठ्या वाहिन्यांकडे असतीलच असं नाही. कधी यजमान महासंघाच्या यूट्यूब चॅनेलवर सामना दिसतो, कधी एखाद्या ॲपवर. राष्ट्रीय महासंघाच्या अधिकृत खात्यावर दुवा येतो, त्यावर भरवसा ठेवा. ‘लाइव्ह’ लिहिलेल्या अनोळखी लिंकांवर बहुतेक वेळा व्हिडिओ गेम चालू असतो.

पायरी 4: बरोबरी कशी सोडवतात

इथे घाई करू नका. पात्रता फेरीचा जीव या नियमात आहे.

जिंकल्यास तीन गुण, बरोबरीला एक, हरल्यास शून्य. इथवर सोपं. दोन संघांचे गुण सारखे झाले तर? क्रिकेट पाहणारा लगेच नेट रनरेटसारखा विचार करतो आणि गोलफरकाकडे, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल या आकड्याकडे, धावतो. पण आशियाच्या नियमांत गोलफरक नंतर येतो. आधी पाहतात आपापसातला सामना. सारखे गुण असलेल्या दोघांत जो जिंकला तो वर. ती लढत बरोबरीत सुटली असेल तरच पूर्ण गटातला गोलफरक, मग एकूण गोल. तेही सारखे आणि हे दोन संघ शेवटच्या सामन्यात एकमेकांशीच खेळत असतील, तर तिथल्या तिथे पेनल्टी शूटआऊट. त्यानंतर कार्डांचा हिशेब, आणि अगदीच काही नाही उरलं तर चिठ्ठी.

कागदावर हे रुक्ष वाटतं. बांगलादेशने काय केलं ते बघा. त्यांचा गट म्यानमारमध्ये होता. आधी बहरीनला 7–0, मग 2 जुलैला यजमान म्यानमारला 2–1. दोन्ही गोल ऋतुपर्णा चाकमाचे. त्याच दिवशी गटातला दुसरा सामना बरोबरीत सुटला आणि बांगलादेश एक सामना हातात ठेवून इतिहासात पहिल्यांदा आशिया चषकाला पात्र ठरला. म्यानमार शेवटचा सामना जिंकून सहा गुणांवर येऊ शकत होता की! येऊ दे. सहा-सहा गुण झाले तरी आपापसातला निकाल बांगलादेशच्या खिशात होता. शेवटच्या दिवशी म्यानमारने कितीही गोल केले असते तरी उपयोग नव्हता.

मग गोलफरकाला किंमतच नाही का? आहे, आणि ती भारताच्या गटात दिसली. शेवटच्या सामन्याआधी भारताचे तीन सामन्यांत नऊ गुण होते: मंगोलियावर 13–0, तिमोर-लेस्तेवर 4–0, इराकवर 5–0. एकूण 22 गोल, खाल्ला एकही नाही. थायलंडचेही नऊ गुण, 22 गोल, खाल्ला एकही नाही. दोन संघ, वेगवेगळे स्कोअर, बेरीज तंतोतंत तीच. असा योगायोग रचायला गेलं तर जमणार नाही.

आता याचा अर्थ लावा. भारताने कुठेतरी आणखी एक गोल केला असता, तर शेवटच्या सामन्यात बरोबरीही पुरली असती. थायलंडने एक जास्त केला असता, तर बरोबरी त्यांना पुरली असती आणि भारताला जिंकणं भाग पडलं असतं. बरोबरी पुरणारा संघ मागे बसून खेळू शकतो, वेळ काढू शकतो, घाईत असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट बघू शकतो. तो आराम दोघांपैकी कुणालाच मिळाला नाही. बरोबरी झाली असती तर थेट शूटआऊट.

आणि हे केवळ पुस्तकी नाही. त्याच दिवशी ताश्कंदमध्ये उझबेकिस्तान आणि नेपाळ 3–3 असे अडकले आणि तिथे खरोखर शूटआऊट झालं. उझबेकिस्तान पुढे गेला, नेपाळ एकही सामना न हरता घरी. गटसाखळीच्या सामन्यात शूटआऊट पाहून गोंधळलेले लोक त्या रात्री बरेच असतील. जादा वेळही नाही, नव्वद मिनिटं संपली की सरळ पेनल्टीच्या ठिपक्यावर.

पायरी 5: 13–0 सारखा सामना कंटाळा न येता पाहणं

आधीच सांगतो, अशा सामन्यांची थट्टा करणारे मला आवडत नाहीत. मंगोलियाच्या मुली तेरा गोल खाऊनही नव्वदाव्या मिनिटाला धावत होत्या. आणि भारतही कधीकाळी अशा स्कोअरच्या चुकीच्या बाजूला उभा राहिलेला आहे.

पायरी 4 कळली असेल तर या सामन्यात काय बघायचं ते आपोआप कळतं. गोल झाल्यावर गोल करणारी खेळाडू काय करते? आनंद साजरा करायला कोपऱ्याकडे पळते, की जाळ्यातला चेंडू स्वतः उचलून मध्यरेषेकडे धावते? स्कोअर 7–0 असताना कुणी चेंडू उचलून पळत असेल, तर त्या संघाने तालिका नीट वाचली आहे असं समजा. प्यारी शाशाने त्या दिवशी एकटीने पाच गोल केले. पाच गोलांची बातमी झाली. पण गटाच्या हिशेबात तिचा पाचवा गोल पहिल्याइतकाच मोलाचा होता, कारण त्यातला एक जरी कमी असता तर शेवटच्या सामन्याआधी थायलंड वर असता आणि त्यांना बरोबरी पुरली असती.

दुसरं, बदली खेळाडू. पाच बदल करता येतात, पण खेळ थांबवून ते करायला तीनच संधी (मध्यंतर वेगळं). आघाडी मोठी झाली की प्रशिक्षक आधी कुणाला बाहेर काढतात? ज्या खेळाडूला तासाभरात बसवलं, ती त्यांच्या लेखी पुढच्या मोठ्या सामन्याची खेळाडू.

तिसरं, पिवळी कार्डं. दोन वेगवेगळ्या सामन्यांत एकेक पिवळं कार्ड मिळालं की पुढचा सामना बाहेर. 5–0 च्या आघाडीवर मध्यरेषेजवळ उगाच मारलेला पाय शेवटच्या सामन्यात महागात पडतो. कार्ड मिळालेल्यांची नावं फोनमध्ये टिपून ठेवा, समालोचक विसरतात.

आणि एकतर्फी विजयावरून संघाची ताकद मोजू नका. तिमोर-लेस्तेविरुद्ध चार गोल म्हणजे मंगोलियाविरुद्धच्या तेरांपेक्षा वाईट खेळ, असं होत नाही. कुणी अख्खा संघ आपल्या पेनल्टी क्षेत्रात उभा करतो, कुणी हिमतीने वर येऊन खेळतो आणि मागे जागा सोडतो. जागा सोडणारा जास्त गोल खातो.

पायरी 6: खेळाडू ओळखायला शिका

भारतीय संघात मणिपूरच्या खेळाडू नेहमीच बऱ्याच असतात, आणि नवीन प्रेक्षकाची इथेच गल्लत होते. स्वीटी देवी, निर्मला देवी, रतनबाला देवी, प्रियांका देवी. ‘देवी’ हे यातल्या कुणाचंच आडनाव नाही. मणिपुरी पद्धतीत घराण्याचं नाव आधी येतं: ङांगबाम स्वीटी, फंजौबाम निर्मला. गोलरक्षक पंथोई चानूचंही तसंच. तेव्हा ‘देवीने पास दिला’ असं म्हणण्यापेक्षा जर्सीचा नंबर धरा. सामन्याच्या तासभर आधी संघाची यादी जाहीर होते, ती समोर ठेवा.

सुरुवातीला तीनच खेळाडू निवडा आणि सामनाभर त्यांच्यावर नजर ठेवा. एक मधल्या फळीतली, एक बाजूने पळणारी, एक बचावातली. मधल्या फळीसाठी संगीता बासफोर उत्तम. चेंडू तिच्याकडे नसताना ती कुठे उभी राहते ते बघत राहिलात, तर अर्ध्या तासात सामना वेगळाच दिसायला लागतो.

पायरी 7: शेवटची नव्वद मिनिटं

या सामन्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: जिंकलो तर काय, बरोबरी झाली तर काय, हरलो तर काय. 5 जुलैच्या बाबतीत उत्तर होतं: ऑस्ट्रेलिया, शूटआऊट, घर. दर वेळी ते इतकं साफ नसतं. गटातले इतर सामने अडकलेले असतील तर दुसऱ्या स्क्रीनवर तो स्कोअरही चालू ठेवा.

त्या सामन्यात 29व्या मिनिटाला संगीताने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. उत्तरार्ध सुरू होताच, 47व्या मिनिटाला, चत्चवान रॉडथोंगने बरोबरी साधली. आता लिहून ठेवलेल्या तीन ओळी वाचा आणि बघा: पुढची वीस-पंचवीस मिनिटं दोन्ही संघ शूटआऊटच्या वाटेवर आहेत. अशा वेळी कोणता संघ जोखीम घेतो? बचावातल्या खेळाडू वर येतात का, गोलरक्षक चेंडू पटकन टाकते की धरून ठेवते? 74व्या मिनिटाला पुन्हा संगीता. 2–1. तिथून पुढे मात्र थायलंडला बरोबरीसाठी एक गोल हवा आणि भारताला फक्त घड्याळ. भारताने पूर्ण फेरीत एकच गोल खाल्ला, आणि तो या सामन्यात.

पायरी 8: पात्र झाल्यावर हिशेब बदला

पात्रता फेरी संपली की तिच्या सवयी सोडून द्या. मुख्य स्पर्धेचा ड्रॉ 29 जुलै 2025 ला सिडनीत निघाला आणि भारताच्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई आले. 12 संघ, चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, शिवाय तिन्ही गटांत तिसऱ्या आलेल्यांपैकी सर्वोत्तम दोघे. म्हणजे इथे तिसरा क्रमांकही जिवंत असतो.

तिसऱ्या आलेल्या संघांची तुलना करताना आपापसातला सामना आडवा येत नाही, कारण ते वेगवेगळ्या गटांतले. तिथे गुणांनंतर सरळ गोलफरक. त्यामुळे जपानसारख्या संघाविरुद्ध 3–0 ने मागे असताना ऐंशीव्या मिनिटाला सगळ्यांनी पुढे धावायचं की चौथा गोल टाळायचा, हा प्रश्न पात्रता फेरीत कधी पडत नव्हता तो इथे दर सामन्यात पडतो. वेळापत्रकाच्या कागदावर बाकीच्या दोन गटांच्या तालिकांसाठीही जागा सोडा.